मळवलेला शिपाई

माझ्या शिपायांना कुणी ‘बाहुल्या’ म्हटलं की माझं टाळकं सरकतं. बायकोला हे पक्कं माहीत आहे, म्हणून ती मुद्दाम म्हणते. पाहुण्यांपुढे चहाचे कप ठेवता ठेवता सांगते, “चाळिशी कधीच उलटली यांची, पन बाहुल्या खेळनं काही सुटून नाही राह्यलं.” पाहुणे हसतात अन् मी उठून मागं लॅबमध्ये जातो.

खामगावात माझी दातांची लॅब आहे. मी डॉक्टर नाही. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, त्या मापात प्लास्टर ओतून मी जबडा काढतो, आणि त्या जबड्यावर कवळी नाहीतर कॅप बनवतो. सगळा जन्म लोकांच्या दातांत गेला. कोरायच्या बारीक सुऱ्या, मेण, पॉलिशची मशीन, सगळं हाताशी असतं, अन् त्याच हत्यारांनी फावल्या वेळात मी शिपाई बनवतो. फूटभर उंचीचे, गुडघ्यात वाकणारे, मनगटातून हात निघणारे, कापडाचे खरे कपडे घातलेले. विकत आणलेला, डब्यातून निघाला तसा शिपाई मला चालत नाही. त्याचं मुंडकं गरम पाण्यात बुडवून मऊ करायचं, उपटायचं, आपण घडवलेलं बसवायचं. कपडेही नवे शिवायचे. ते काम बायकोचं. बाहुल्या बाहुल्या म्हणत तीच बोटभर कॉलर अशी सुरेख वळवते की पाहत राहावं. तोंडावर तिला हे मी कधी सांगितलं नाही, नाहीतर ती डोक्यावर बसेल.

सगळ्यात शेवटी येतं मळवणं. पुण्या-नाशिकच्या छंदवाल्यांचा एक ग्रुप आहे, तिथं त्याला वेदरिंग म्हणतात. मी ‘मळवणं’ लिहिलं की तिथं हमखास कुणीतरी हसरा चेहरा टाकतो. टाक बापा. विटेची बुक्की, चहाचं पाणी, पावडर, थोडा काळा रंग. कोरा शिपाई हा खेळणंच दिसतो. कोपर घासलं, बुटावर चिखल चढला, पाठीवर घामाचा डाग पडला की तो माणूस होतो, अशी माझी समजूत होती. वर्दीवरची हिरव्या-मातकट चट्ट्यांची नक्षीसुद्धा मी पांढऱ्या पातळ कापडावर हातानं रंगवतो, कारण खऱ्या कापडावरचे चट्टे एवढ्याशा अंगावर फार मोठे दिसतात. रंग वापरतो पाण्याचा. पक्क्या रंगानं कापड पुठ्ठ्यासारखं ताठ होतं, चुण्या पडत नाहीत. पाण्याचा रंग कच्चा असतो हे खरं, पण शिपायाचे कपडे कोण धुवायला बसलंय?

या मळवण्यावरून माझं ज्याच्याशी भांडण व्हायचं तो माझा भाचा. पिंपळगाव राजाला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. तो फौजेत होता. सुट्टीवर आला की शेगावला रेल्वेतून उतरायचा, खामगावपर्यंत बसनं यायचा आणि गावची गाडी धरण्याआधी माझ्या लॅबमध्ये टेकायचा. बॅग खाली ठेवण्याआधी त्याची नजर माझ्या टेबलाकडे.

“मामा, हा कोन्या नालीतून काढला?”

“अबे, लढाईवरचा हाये तो.”

“लढाईवर असला म्हून काय झालं? बूट पुसन का नाही? आमच्याकडं असा उभा राह्यला ना, तर उस्ताद मैदानाले चकराच मारायले लावते.”

“तुले कला समजत नाही.”

“अन् तुले फौज समजत नाही, मामा!”

असं म्हणत तो माझ्याच बेसिनवर तोंड धुवायचा, केस विंचरायचा, माझ्याच फडक्यानं बूट चमकवायचा. कारण पुढं घरी ताई होती. ती मोठी खट. पोरगा वर्षानं आलेला असो नाहीतर दोन वर्षांनी, तिचा कायदा एकच. त्यानं अंगणात, नहाणीच्या दगडाजवळच थांबायचं. ती तांब्याभर पाणी द्यायची आणि म्हणायची, “आंधी कपडे काढ. कुठची कुठची माती आनली असशीन.” तो तिथंच टॉवेल गुंडाळून उभा राहायचा आणि ती त्याचे कपडे त्या दगडावर आपटून धुवायची. तोवर चहा नाही, मिठी नाही, काही नाही. कपडे तारेवर पडले की मग ओल्या हातांनी त्याचं तोंड धरून मुके घ्यायची. मी एकदा चिडून म्हणालो होतो, “ताई, फौजी आहे तो, काही तरी मान ठेव!” तर म्हणाली, “फौजी तिकडचा. इथं माया पोरगा आहे.”

त्याच्या दाताचंही सांगायला हवं. लहानपणी बांधावरच्या आंब्यावरून पडून त्याचा वरचा पुढचा दात तिरपा तुटला होता. तेव्हापासून तो फोटोत ओठ गच्च मिटायचा. फौजेच्या भरतीला निघाला तेव्हा मीच त्याला लॅबमध्ये बसवलं, माप घेतलं, जबडा काढला आणि कॅप बनवली. कॅप इतकी बेमालूम बसली की ती बसवणाऱ्या डॉक्टरनंही पाठ थोपटली. पण गच्च ओठांची त्याची सवय काही गेली नाही. तो जबडा लॅबच्या फळीवर राहिला. पेशंटचे जुने जबडे आम्ही काही वर्षं ठेवतो, मग फेकतो. त्याचा मी कधी फेकला नाही.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. लढाईत नाही. बर्फाच्या रस्त्यावर गाडी घसरली आणि दरीत कोसळली. पेटी गावात आली तेव्हा सोबतच्या साहेबांनी भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, पेटी उघडू नका. भाऊजींनी मान हलवली. ताई प्रत्येकापुढे जाऊन म्हणत होती, “एकडाव उघडा. तोंड पाहू द्या. बस, तोंड.” साहेबांना म्हणाली, सरपंचांना म्हणाली, मला म्हणाली. मी तिचे हात धरले आणि जमिनीकडे पाहत राहिलो. बंदुकांच्या फैरी झाल्या, गावाच्या शिवारात अग्नी दिला, आणि ज्याला तिनं न्हाऊमाखू घालून मोठं केलं त्याचं तोंड तिला कुणी दाखवलं नाही.

आमच्या बौद्धांत माणूस गेल्यावर जलदान विधी होतो, त्याला सगळे पांढऱ्या कपड्यांत येतात. भाऊजींनी तिच्यासाठी पांढरं लुगडं आणून ठेवलं होतं. ती हिरव्या लुगड्यात येऊन बसली. बायका कुजबुजल्या तर म्हणाली, “पांढरं कायले नेसू? मी काही पाह्यलं आहे काय? पेटीत कोन होतं अन् कोन नाही!” विधी झाला. बुद्धमूर्तीशेजारी टांगायला भाऊजींनी वर्दीतला फोटो मोठा करून आणला होता. तो तिनं उचलला आणि धान्याच्या कोठीमागं उलटा करून ठेवला.

त्यानंतर ती रोज त्याची ताटली घासून पालथी घालायची. खामगावकडून गाडी आली की दारात जाऊन उभी राहायची. रडली म्हणाल तर एकदाही नाही. जेवण सुटत चाललं. मी गेलो की मला विचारायची, “तुया लॅबमंधी नाही आला काय?” मला तिच्या घरी जायचीच भीती वाटायला लागली होती, खरं सांगतो.

तुरी सोंगून झाल्या तेव्हा भाऊजी लॅबमध्ये आले. मोजकं बोलणारा माणूस. माझ्या शिपायांकडे पाहत म्हणाले, “पोरगा तं गेला. आता हीबी चालली. डोळ्यादेखत सुकून राह्यली. तू त्याले बनव.”

“कोनाले?”

“त्याले. तुले हात आहे. तिले एकडाव तोंड पाहू दे. त्याबिगर तिचं मन मानत नाही.”

माझं डोकं फिरलं. “भाऊजी, काहीतरीच काय? खेळनं आहे ते!” म्हणालो. बाहुल्या म्हटलं की भांडणारा मी, आणि माझ्याच तोंडून हे निघालं. भाऊजींनी डोळे पुसले. मग मला नाही म्हणता आलं नाही.

धड होतं, माझ्याकडच्या जुन्या शिपायाचं. बायकोनं वर्दी शिवायला घेतली. त्या वेळी एकदाही बाहुली म्हणाली नाही. अडलं ते चेहऱ्यावर. सुपारीहून थोडं मोठं मुंडकं असतं ते. पुटीचा, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या लगद्याचा, गोळा घ्यायचा, नाक उठवायचं, गाल बसवायचे, भुवया कोरायच्या. समोर मी त्याचे सगळे फोटो लावले होते. मापं बरोबर यायची, कान बरोबर यायचे, आणि डोळे रंगवून झाले की कुणीतरी अनोळखी माणूस माझ्याकडे पाहायचा. चांगला देखणा शिपाई, पण आमचा नाही. मी मुंडकं ठेचायचो, पुन्हा सुरू करायचो. एकदा तर भिंतीवर फेकून मारलं. बायको दारातून म्हणाली, “त्याच्यावर काऊन राग काढता?” मी तिच्यावरही खेकसलो.

शेवटी एका रविवारी फळीवर जबडे लावताना त्याचाच जबडा हाती आला. तिरपा तुटलेला दात होताच. पण मी पाहत होतो तो त्याच्या पलीकडचा डावा सुळा. तो ओळ सोडून पुढं आलेला होता. कॅप बनवताना मी तुटक्या दाताकडेच पाहिलं, सुळ्याकडे लक्ष दिलं नव्हतं. त्या सुळ्यामुळे त्याचा वरचा ओठ डावीकडे किंचित उचललेला असायचा. फोटोत तो ओठ गच्च ताणायचा, म्हणून कुठल्याच फोटोत ते आलेलं नव्हतं. पण माझ्याशी भांडताना, बूट पुसताना, चहा फुंकताना तो ओठ उचललेलाच असायचा. मी खुर्चीवर बसलो. हातातला जबडा खाली ठेवला आणि हमसून रडलो, इतका की बायको धावत आली.

त्याच दिवशी मी नवं मुंडकं घेतलं आणि ओठ कोरला. सुरीच्या टोकानं, केसाएवढा वर. आणि तो दिसला. बायकोनं पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

नंतर मी वर्दीवर नक्षी रंगवली आणि त्याला मळवलं. जितकं येत होतं तितकं सगळं त्यात ओतलं. खांद्यावर बॅगेच्या पट्ट्यानं घासल्याची खूण, गुडघ्यावर माती, बुटांवर वाळका चिखल, पाठीवर घामाच्या मिठाचे पांढुरके डाग. एवढं जिवंत काम आजवर माझ्या हातून झालं नव्हतं, आणि मला त्याचा अभिमानही वाटला, का खोटं बोलू? वाटलं, पोरानं किती काढलं ते ताईला दिसेल.

दुपारच्या गाडीनं पिंपळगावला गेलो. भाऊजी ओसरीवर होते. ताई नहाणीजवळ भांडी घासत होती. मी फडक्यात गुंडाळलेला शिपाई तिच्यापुढे धरला आणि फडकं बाजूला केलं. तिनं राखेचे हात धुतले, पुसले, आणि त्याला घेतलं. मला वाटलं, आता चेहरा पाहील. तिची नजर आधी बुटांवर गेली, मग गुडघ्यांवर, मग पाठीवर.

“काऊन रे, असा मयला काऊन आनला याले?”

“ताई, ते तसंच असते. ड्यूटीवरचा आहे ना तो.”

“ड्यूटी तिकडं. घरी आला ना आता?”

आणि तिनं त्याचे बूट काढले. शर्टाची बटणं सोडली, पँट उतरवली, एवढ्याशा कपड्यांची सवय असल्यासारखी. मला कळेपर्यंत तिनं ते तांब्यात बुडवलेही होते.

“ताई, थांब! ताई, रंग जाईन त्याचा! कच्चा आहे तो! अवं, किती दिवस गेले माये त्याच्यात!”

“जाऊ दे.”

मी हात पुढं केला, तर भाऊजींनी मागून माझं मनगट धरलं. ती साबणाची वडी घासत होती. हिरवं पाणी, मातकट पाणी दगडावरून वाहून कढीपत्त्याच्या आळ्यात गेलं. मला भयंकर राग आला होता. शिवी तोंडात आली होती. इतक्या दिवसांचं काम, ती नक्षी, ते डाग, डोळ्यांसमोर नालीला चाललं होतं. तिनं कपडे पिळले, झटकले आणि तारेवर चिमट्यानं लावले. नक्षीचा मागमूस उरला नव्हता. बायकोनं कापलेलं मूळचं कापड तेवढं उरलं होतं.

मग ती त्याच्याकडे वळली. तो दगडावर उघडा पडला होता. प्लास्टिकचं अंग, गुडघ्या-कोपरांचे सांधे. मला वाटलं, आता ही म्हणेल हे खेळणं आहे. तिनं त्याला उचललं, पदराखाली झाकलं आणि ओसरीच्या पायरीवर बसली. नुसतं डोकं बाहेर होतं. आणि तेव्हा तिनं चेहरा पाहिला.

तिनं अंगठा त्याच्या ओठावर, डावीकडे ठेवला.

“पेटी उघडली होती काय रे तुमी? माया मांगून?”

“नाही, ताई. कोनीच नाही पाह्यलं.”

“मंग हे तुले कसं समजलं?”

मी बॅगेतून जबडा काढला. तो का सोबत आणला होता ते मलाही नीट सांगता येणार नाही. तिच्या हातात दिला. तिनं तो उन्हात धरला, तुटक्या दातावर बोट फिरवलं, मग सुळ्यावर, मग पुन्हा तुटक्या दातावर. “हा आंब्याचा,” ती म्हणाली. “किती रक्त आलं होतं, बाप्पा! मीच मारलं होतं त्याले वरून, काऊन चढला म्हून.” आणि एवढं बोलून ती फुटली. आजवर साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. तिचा आवाज ऐकून शेजारच्या बाया अंगणाच्या तोंडाशी आल्या आणि तिथंच थांबल्या. भाऊजी तिच्याजवळ जाऊन बसले. मी कढीपत्त्याजवळ उभा राहून रडत होतो. माझा राग कुठं गेला ते मला कळलंही नाही.

एवढेसे कपडे, उन्हात लवकर वाळले. तिनं ते काढले, तळहातानं दाबून चुण्या मोडल्या आणि त्याला घातले. शर्ट पांढरा, पँट पांढरी. बटणं लावताना तिचा हात थांबला. पांढऱ्या कपड्यातल्या त्या पोराकडे ती पाहत राहिली. मग त्याला माझ्या हातात देऊन आत गेली.

आत ट्रंक उघडल्याचा आवाज आला. आम्ही दोघं ओसरीवर तसेच बसून राहिलो. ती बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर ते पांढरं लुगडं होतं. घडी मोडलेली नव्हती त्याची इतके दिवस.

“कोठीमांगून फोटो काढा,” ती भाऊजींना म्हणाली. “अन् खिळा ठोका. माया पोरगा गेला.”